सुक्रेला जायचं तर गुरुवारी पोचा: बोलिव्हियाच्या पांढऱ्या शहरात पाच-सहा दिवस कसे घालवायचे

बोलिव्हियाला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, उयुनीचं मिठाचं मैदान पाहिलं का आणि ला पाझच्या उंचीवर दम लागला का. सुक्रेचं नाव कुणी काढत नाही. जे जातात तेही बहुतेक उयुनीहून ला पाझला जाताना मधे एक रात्र टेकतात, चौकात फोटो काढतात, चॉकलेट घेतात आणि निघतात. आम्हीही तेच करणार होतो, दोन रात्रींचं बुकिंग होतं, ते वाढवत वाढवत सहा रात्रींचं झालं, आणि तरी परत आल्यावर लक्षात आलं की आपण क्रम चुकवला, जे आधी बघायला हवं होतं ते शेवटी बघितलं आणि सोमवारी सगळी म्युझियम बंद असतात हे सोमवारीच कळलं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, म्हणजे तुमचं तसं होणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुक्रेत काय बघायचं यापेक्षा कुठल्या क्रमाने बघायचं याला जास्त महत्त्व आहे. या शहराचा एक इतिहास कागदावर आहे, तो वकिलांनी आणि पाद्र्यांनी लिहिला. दुसरा कापडावर आहे, तो आजूबाजूच्या डोंगरातल्या केचुआ बोलणाऱ्या बायकांनी विणला. आणि या पांढऱ्या भिंती कुणाच्या पैशाने उभ्या राहिल्या ते बघायला तीन तास बसने पोतोसीला जावं लागतं. कागद, कापड, चांदी या क्रमाने गेलात तर एकेक गोष्ट पुढची समजावत जाते.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

या गावाला चार नावं आहेत. चार्कास, ला प्लाता, चुकिसाका आणि सुक्रे. स्पॅनिश लोकांनी १५३८ मध्ये गाव वसवलं, ला प्लाता म्हणजे चांदी. पुढे सात वर्षांनी १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि नाव सार्थकी लागलं. पोतोसी ४ हजार मीटरच्या वर, हाडं गोठवणारी थंडी, सुक्रे साधारण २८०० मीटरवर आणि हवा आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखी, त्यामुळे खाणींचे मालक पैसा तिकडे काढायचे आणि घरं इकडे बांधायचे. १५५९ मध्ये इथे आउदिएन्सिया म्हणजे स्पॅनिश राजाचं वरिष्ठ न्यायालय आलं, १६२४ मध्ये जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांनी विद्यापीठ काढलं, ते आजही चालू आहे. न्यायालय आणि विद्यापीठ एकाच गावात म्हटल्यावर गावात वकील किती झाले असतील बघा.

या वकिलांनीच गंमत केली. नेपोलियनने १८०८ मध्ये स्पेनच्या राजाला ताब्यात घेतलं तेव्हा इथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी असा युक्तिवाद केला की आमची निष्ठा राजाशी आहे, स्पेन देशाशी नाही, आता राजाच गादीवर नाही म्हटल्यावर सत्ता परत लोकांकडे आली. २५ मे १८०९ ला उठाव झाला. गावातल्या मुख्य चौकाचं नाव आजही २५ मे चौक असंच आहे. त्यानंतर सोळा वर्षं लढाया चालल्या आणि ६ ऑगस्ट १८२५ ला याच चौकातल्या एका इमारतीत बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला. १८३९ मध्ये शहराला सेनापती आन्तोनियो होसे दे सुक्रे यांचं नाव मिळालं.

आणि एक सूचना, इथे कुणासमोर ला पाझला राजधानी म्हणू नका. १८९८-९९ च्या यादवीनंतर सरकार आणि संसद ला पाझला गेली, सुक्रेकडे फक्त सर्वोच्च न्यायालय उरलं, पण राज्यघटनेप्रमाणे राजधानी अजून सुक्रेच आहे. २००७ मध्ये यावरून इथे मोठं आंदोलन पेटलं आणि तीन जणांचा जीव गेला. म्हणजे हा विषय थट्टेचा नाही. नागपूरकरांना हे दुखणं पटकन कळेल.

कधी आणि कसं जायचं

बोलिव्हिया दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर कोरडे महिने, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, डिसेंबर ते मार्च पाऊस. आपल्या मे महिन्याच्या सुट्ट्या बरोबर जमतात आणि २५ मे च्या आसपास गेलात तर मिरवणुका, बँड, शाळेतल्या पोरांचं संचलन असं सगळं फुकटात बघायला मिळतं. सप्टेंबरमध्ये ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेरीच्या एका रूपाचा, उत्सव असतो, तेव्हा नाचणाऱ्यांचे ताफे रस्त्यावरून जातात, पण तेव्हा हॉटेलं आधीच भरलेली असतात.

मुंबईहून थेट काही नाही, दोन-तीन विमानं बदलावी लागतात. सोयीचा रस्ता म्हणजे आफ्रिका, आखात किंवा युरोपमार्गे साओ पावलो, तिथून बोलिव्हियातलं सान्ता क्रूस आणि सान्ता क्रूसहून सुक्रे, हे शेवटचं उड्डाण पाऊण तासाच्या आतबाहेर. मुंबई ते सान्ता क्रूस शक्यतो एकाच तिकिटावर काढा, वेगवेगळी तिकिटं काढलीत तर मधल्या देशात सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि मग तिथला व्हिसा लागेल की नाही हा घोळ सुरू होतो. बोलिव्हियाच्या व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्या, कुणाच्या तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर जाऊ नका.

पिवळ्या तापाची लस मात्र घ्याच, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. बोलिव्हियाला लागते म्हणून सांगत नाही, परत येताना भारतात लागते. बोलिव्हिया आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

सान्ता क्रूसमार्गे जायचं अजून एक कारण आहे. ला पाझचा विमानतळच ४ हजार मीटरवर आहे, तिथे उतरल्या उतरल्या डोकं धरतं. सान्ता क्रूस सपाटीवर, मग सुक्रे २८०० मीटर, इथे चार-पाच दिवस राहिलात की शरीर सवय करून घेतं आणि मग पोतोसी, उयुनी, ला पाझ जड जात नाही. पहिले दोन दिवस मात्र चढाच्या रस्त्यावर घाई करू नका, पाणी भरपूर प्या, दारू टाळा, बीपी-हृदयाचं काही असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. कोकाच्या पानांचा चहा तिकडे आपल्या गवती चहासारखा सर्रास मिळतो, बिनधास्त प्या, फक्त त्याच्या टी-बॅगा आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

विमानतळ गावापासून सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, अल्कान्तारी नावाचा. टॅक्सीचा भाव बसायच्या आधीच ठरवा.

पैशाचं थोडक्यात. चलन बोलिव्हियानो. डॉलरच्या नोटा न्या, कोऱ्या करकरीत, कोपरा दुमडलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट परत करतात. गेल्या काही वर्षांत तिथे सरकारी भाव आणि बाजारातला भाव यात फरक पडत आलाय, म्हणून पोचल्या पोचल्या सगळे डॉलर एकदम मोडू नका, हॉटेलवाल्याला विचारा आणि थोडे थोडे मोडा. छोट्या दुकानात कार्ड चालेल हे गृहीत धरू नका.

अजून एक शब्द पाठ करा, ब्लोकेओ. म्हणजे रास्ता रोको. बोलिव्हियात कुणाचीही कशावरूनही मागणी असली की रस्त्यावर दगड आणि झाडं आडवी टाकतात आणि मग बस तिथेच. आम्ही सहा तास अडकलो होतो, शेवटी सगळे प्रवासी खाली उतरून गप्पा मारत बसले, एका आजींनी उकडलेले मक्याचे दाणे वाटले. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लांबचा बसप्रवास ठेवायचाच नाही.

राहायचं कुठे

२५ मे चौकापासून चार-पाच गल्ल्यांच्या आत राहा, विषय संपला. जुन्या घरांची हॉटेलं झालीयेत, आपल्या वाड्यासारखी, बाहेरून साधं दार आणि आत गेलं की मधे चौक, त्यात झाडं, भोवती खोल्या. खोल्यांत हीटर असेलच असं नाही, जून-जुलैत जाणार असाल तर जास्तीच्या ब्लँकेटचं आधीच सांगा. मध्यवर्ती भागातल्या घरांना पांढराच रंग द्यायचा असा नगरपालिकेचा नियम आहे, म्हणून याला पांढरं शहर म्हणतात, आणि १९९१ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. दुपारच्या उन्हात डोळे दिपतात, गॉगल लागतो.

आता वाराप्रमाणे

गुरुवारी पोचा म्हणतोय त्याचं कारण असं की ताराबुकोचा मोठा बाजार रविवारी असतो, सोमवारी बहुतेक म्युझियम बंद, आणि रोज दुपारी बारा-साडेबारा ते दोन-अडीच सगळं गाव जेवायला जातं, दारं बंद. हे तीन खांब धरून बाकीचं बसवायचं. वेळा बदलत राहतात तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या.

गुरुवार. काही करू नका. सामान टाका, चौकात बाकावर बसा आणि मग मेर्कादो सेन्त्राल म्हणजे मंडईत जा. आत फळांच्या रसवाल्या बायकांची रांग आहे, प्रत्येकीसमोर फळांचा डोंगर आणि मिक्सर. तिथे गिऱ्हाईक विकणारीला कासेरा म्हणतं आणि तीही गिऱ्हाइकाला कासेरा, कासेरिता म्हणते, आपल्याकडे भाजीवाली ‘या ताई’ म्हणते तसंच. ग्लास संपला की यापा मागायची, म्हणजे वरचं थोडं. आपण कोथिंबीर वर टाकायला सांगतो तोच हक्क. मिक्सरमध्ये उरलेला रस ती तुमच्या ग्लासात ओतते, कधी कधी अर्धा ग्लास. न मागता मिळेलच असं नाही, लाजू नका.

शुक्रवार. हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. सकाळी उघडल्या उघडल्या कासा दे ला लिबेर्तादला जा, चौकातच आहे. ही मूळ जेझुइटांच्या विद्यापीठाची जागा, ज्या दालनात मुलं परीक्षेला उभी राहायची त्याच दालनात १८२५ ला प्रतिनिधी बसले आणि देश जन्माला आला. जाहीरनामा तिथे ठेवलाय. दालन फार मोठं नाही, लाकडी बाकं, सोनेरी मुलामा, समोर स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार आणि सुक्रे यांची चित्रं. गाइडबरोबरच जा, स्पॅनिश येत नसेल तर इंग्रजी फेरी कधी आहे ते विचारा, कारण नुसतं बघितलं तर ती जुनी खुर्च्या-टेबलं वाटतात. आत बेल्ग्रानो या अर्जेंटिनाच्या सेनापतीच्या काळातला झेंडा आहे, या भागातल्या एका देवळात लपवून ठेवलेला सापडला होता, त्यामुळे अर्जेंटिनाचे पर्यटक तिथे फार वेळ रेंगाळतात. माउरो नुन्येस या शिल्पकाराने लाकडात कोरलेलं बोलिव्हारचं प्रचंड डोकंही तिथेच.

पण मला थांबवलं ते हुआना आसुर्दुयच्या खोलीने. १७८० चा जन्म, नवऱ्याबरोबर, मानुएल आसेन्सियो पादियाबरोबर, स्पॅनिश सैन्याशी गनिमी काव्याने लढली, स्थानिक लोकांची फौज उभी केली, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळवला, लढाईच्या धामधुमीत मुलं गेली, नवरा मारला गेला. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर? पेन्शन बंद पडली, कफल्लक अवस्थेत १८६२ मध्ये वारली, तारीख कुठली तर २५ मे, ज्या दिवशी गाव उठावाचा सण साजरा करत होतं. सामुदायिक कबरीत पुरलं. खूप वर्षांनी अवशेष काढून इथे सन्मानाने ठेवले, अर्जेंटिनाने २००९ मध्ये तिला मरणोत्तर जनरल केलं. हे ऐकून बाहेर आलो तेव्हा चौकातल्या सुक्रेच्या पुतळ्याकडे बघायची इच्छा राहिली नव्हती, खरं सांगतो.

जेवून थोडं पडा आणि दुपारी आसुर नावाच्या संस्थेच्या विणकाम म्युझियमला जा. हे वरच्या अंगाला, रेकोलेताच्या टेकडीजवळ आहे, चढ आहे, हळू चाला. आम्ही हे शेवटच्या दिवशी घाईत बघितलं आणि तीच चूक. सकाळी कागद बघितला, त्याच दिवशी कापड बघायचं.

इथे दोन शैली समोरासमोर दिसतात. एक ताराबुकोकडची, याम्पारा लोकांची. पांढरट पट्ट्यांवर रंगीत नक्षी, सगळं ओळीत, सममित, त्यात घोडे, माणसं, नांगरणी, लग्नं, सण, म्हणजे उजेडातलं जग. दुसरी हाल्का लोकांची, काळ्यावर लाल, आणि त्यात नुसते विचित्र प्राणी, दोन डोक्यांचे, पाठीला पंख, पोटात पिल्लू आणि त्या पिल्लाच्या पोटात अजून एक, वर-खाली काही नाही, कापड उलटं धरलं तरी चालेल असं. या प्राण्यांना खुरु म्हणतात आणि हे जमिनीखालचं, अजून आकार न आलेलं जग आहे असं मानतात. दोन्हीकडच्या बायका केचुआच बोलतात, गावंही फार लांब नाहीत, तरी एकीच्या कापडात दिवस आहे आणि दुसरीच्या कापडात रात्र. मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, बायको तासभर हलली नाही आणि शेवटी मीही हललो नाही.

हे टिकलं कसं तेही तिथे कळतं. विसाव्या शतकात जुनी चांगली कापडं परदेशी व्यापारी विकत घेऊन गेले, गावात नमुनेच उरले नाहीत, नव्या बायका बाजारासाठी सोपं काहीतरी विणायला लागल्या. १९८० च्या दशकात वेरोनिका सेरेसेदा आणि गाब्रिएल मार्तिनेस या मानववंशशास्त्रज्ञांनी आसुर संस्था उभी करून जुन्या कापडांचे फोटो गावागावात परत नेले आणि विणकाम पुन्हा सुरू करवलं. तिथल्या दुकानात घ्या, महाग वाटेल, पण एकेका तुकड्याला काही आठवडे, मोठ्याला काही महिने लागतात. पैठणीचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांनी तक्रार करू नये. बाहेर रस्त्यावर तसंच दिसणारं स्वस्तात मिळतं, ते बरेचदा मशीनचं असतं, उलटी बाजू बघा, हातमागाच्या कापडाची मागची बाजूही नीट असते.

तिथून चार पावलांवर रेकोलेता, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा फ्रान्सिस्कन मठ, आत एका अंगणात हजार वर्षांहून जुनं समजलं जाणारं सेद्रो नावाचं झाड. बाहेरच्या कमानींपाशी संध्याकाळी अख्खी तरुण पिढी बसलेली असते, खाली पांढरं गाव गुलाबी होत जातं.

शनिवार. सकाळी कॅथेड्रल आणि शेजारचं ग्वादालुपेच्या मातेचं चॅपेल. १६०१ मध्ये दिएगो दे ओकान्या या साधूने आतलं मातेचं चित्र काढलं, पुढे भक्तांनी हिरे-माणकं-मोती इतके वाहिले की आज चेहरा आणि हात सोडून सगळं रत्नांनीच झाकलंय. मग दुपारच्या बंदच्या वेळेत डायनासोर! काल ओर्को नावाची जागा, गावाच्या कडेला सिमेंटची खाण आहे, तिथे दगड काढता काढता जवळजवळ उभी, एक किलोमीटरहून लांब भिंत उघडी पडली आणि तिच्यावर डायनासोरच्या पावलांचे हजारो ठसे. पूर्वी हा तळ्याचा काठ होता, चिखलात पावलं उमटली, वाळली, वर थर चढले आणि मग अँडीज पर्वत वर येताना जमीनच उभी झाली. साधारण ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची पावलं. हेल्मेट घालून भिंतीच्या पायथ्याशी नेतात ती फेरी भर दुपारची असते, वेळ आधी विचारा, नाहीतर लांबून दुर्बिणीने बघून परत यावं लागतं. प्लास्टिकचे मोठे डायनासोर उभे केलेत त्यांच्यासाठी फार वेळ घालवू नका, मुलं बरोबर असतील तर नाइलाज.

चारनंतर सान फेलिपे नेरीच्या मठाची गच्ची. आत शाळा आहे, विचारत विचारत जावं लागतं. पांढरी लाटांसारखी गच्ची, घंटांचे मनोरे आणि सगळीकडे कौलं, फोटो इथलेच चांगले येतात. वेळ उरला तर एस्पान्या रस्त्यावरचं मुसेफ हे लोकजीवनाचं म्युझियम, तिथले उत्सवांतले मुखवटे अंधाऱ्या खोलीत असे लावलेत की एकट्याने थांबवत नाही.

रविवार, ताराबुको. ६५ किलोमीटर, दीडेक तास, सकाळी लवकर निघा. पर्यटकांसाठी झालेला बाजार आहे अशी तक्रार ऐकाल, ती खरी आहे, चौकाच्या आसपास नुसते दुकानदार मागे लागतात. पण दोन गल्ल्या आत गेलात की बियाणं, दोर, बादल्या, कोकाची पोती, सुकवलेले बटाटे असा खरा आठवडी बाजार भरलेला असतो. पुरुषांच्या डोक्यावर मोन्तेरा असते, चामड्याची टोपी, आकार थेट स्पॅनिश सैनिकांच्या शिरस्त्राणाचा. शत्रूची टोपी उचलून आपलीच करून टाकली म्हणायची. चौकात पुतळा आहे, स्थानिक योद्धा खाली पडलेल्या स्पॅनिश सैनिकाचं काळीज खातोय, १८१६ च्या खुम्बातेच्या लढाईची आठवण. त्याच लढाईच्या स्मरणार्थ मार्चमध्ये पुख्याय होतो, मोठ्या लाकडी खडावा आणि त्यांवर खणखणणाऱ्या चकत्या घालून नाचतात, २०१४ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. शुक्रवारी आसुर बघितलेलं असेल तर इथे गंमत येते, समोरून चाललेल्या बाईच्या अंगावरचं कापड आता तुम्हाला थोडं वाचता येतं.

फोटोचं मात्र सांभाळा. आधी विचारायचं, ‘पुएदो साकार उना फोतो?’ नाही म्हटलं तर नाही. काही जण पैसे मागतात, ते आधीच ठरवा. गुपचूप काढलात तर बटाटा फेकून मारतात, एका जर्मन बाबाला बसलेला मी पाहिलाय.

खाण्याचं

मांसाहारी असाल तर सकाळी साल्तेन्या खा, आपल्या करंजीची तिखट-गोड, रस्सा भरलेली बहीण. ती सकाळीच मिळते, दुपारपर्यंत संपते. एका टोकाला छोटा चावा घेऊन आधी रस्सा प्यायचा, नाहीतर शर्ट गेला. चुकिसाकाचे चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, प्रसिद्ध आहेत.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको असं सांगितलं तर ते कोंबडी वाढतील, कारण कार्ने म्हटलं की त्यांना गाय-बैलाचंच मांस वाटतं. ‘सिन कार्ने, सिन पोल्यो’ असं दोन्ही म्हणा. सूप शाकाहारी दिसलं तरी पाणी हाडांचं असू शकतं. मंडईत फळं, उकडलेला मका, चीज, उमिन्ता म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून शिजवलेला गोडसर मका, यावर माझ्या बायकोने आठवडा काढला. आणि ल्याहुआ! टोमॅटो आणि लोकोतो मिरची दगडावर वाटून केलेली चटणी, आपल्या ठेच्याची सख्खी बहीण, जेवणाबरोबर वाटीत येते.

सोपा दे मानी नावाचं शेंगदाण्याचं सूप प्यायलो तेव्हा मला उपवासाची शेंगदाण्याची आमटीच आठवली, वरून बटाट्याचे तळलेले काप. आणि ते उगाच नाही, भुईमूग मूळचा दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाचा असं संशोधक मानतात. बटाटा याच डोंगरातला, मिरची अमेरिका खंडातलीच, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. आपलं एकादशीचं अख्खं ताट पोर्तुगीजांच्या जहाजातून आलंय असं तिथल्या आमच्या घरमालकीण बाईंना मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांना उपवासाला इतकं खातात हेच पटेना.

चॉकलेट सुक्रेचं नाव काढणारं आहे, चौकाच्या आजूबाजूला दुकानं आहेत, शेवटच्या दिवशी घ्या.

सोमवार-मंगळवार, पोतोसी

सोमवारी सुक्रेत सगळं बंद, म्हणून त्या दिवशी बस पकडा. साधारण १६० किलोमीटर, तीन-साडेतीन तास, रस्ता चांगला. पोचलात की आराम, ४ हजार मीटर आहे, जिना चढताना कळेल. मंगळवारी सकाळी कासा दे ला मोनेदा, म्हणजे टांकसाळ, १७७३ मध्ये बांधून झालेली, किल्ल्यासारखी. आत लाकडी दात्यांची प्रचंड यंत्रं आहेत, वरच्या मजल्यावर चांदीचे पत्रे दाबून निघायचे आणि खालच्या मजल्यावर खेचरं गोल गोल फिरत ती यंत्रं ओढायची. त्या अंधाऱ्या खालच्या मजल्यावर गेल्यावर सुक्रेच्या पांढऱ्या गच्च्यांचा हिशोब लागतो. १५७० च्या दशकापासून व्हाइसरॉय तोलेदोने मिता नावाची वेठबिगार लावली, आसपासच्या प्रदेशातल्या गावांनी पाळीपाळीने आपले पुरुष खाणीत पाठवायचे. परत किती येत होते ते गाइड सांगतो.

इथली नाणी जगभर फिरली. युरोपियन व्यापारी अमेरिकेची चांदी जहाजाने सुरतेला आणायचे, तिथल्या मुघल टांकसाळीत ती वितळवून रुपये पाडायचे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली तेव्हा राजगडावर आलेल्या चांदीत थोडीतरी या डोंगरातली असणार, हा आपला माझा अंदाज, पण त्या यंत्रासमोर उभं राहून तो विचार केला आणि अंगावर काटा आला.

खाणीच्या आत नेणाऱ्या सहली मिळतात. आम्ही गेलो नाही आणि मी जा म्हणणार नाही. आत आजही माणसं काम करतायत, धुळीने फुप्फुसं जातायत, डोंगर आतून पोखरलाय, आणि आपण हेल्मेट घालून त्यांचे फोटो काढायला जायचं हे मला जमलं नाही. कुणी म्हणतात की त्यातून त्यांना पैसे मिळतात, तेही खरं असेल, तुमचं तुम्ही ठरवा. गेलातच तर दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेर थांबा.

पोतोसीहून उयुनी चारेक तास, बहुतेक लोक तसेच पुढे जातात. सुक्रेमार्गेच परत येणार असाल तर मंगळवारी संध्याकाळची बस मिळते, पण ब्लोकेओ आठवा आणि विमान गुरुवारचं ठेवा, बुधवार मोकळा. तो मोकळा बुधवार मिळाला तर गावाबाहेरचा ग्लोरिएता वाडा बघा, मुलं नसलेल्या एका श्रीमंत जोडप्याने अनाथ मुलांसाठी संस्था काढली म्हणून पोपने त्यांना १८९८ मध्ये राजकुमार-राजकुमारी पदवी दिली आणि त्यांनी मशिदीसारखे, चर्चसारखे, राजवाड्यासारखे सगळे मनोरे एकाच घराला लावले. आज तो लष्करी शाळेच्या आवारात आहे, पासपोर्ट बरोबर न्या. आणि हो, पिवळ्या तापाचं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, मुंबईत उतरल्यावर सामान मिळायच्या आधीच ते दाखवायला सांगतात.